सुरमई, बांगडा आणि 'दॅन'नंतरचे क्रियापद

मालवणहून एक विचारणा आली आहे. मुलाच्या वहीत 'सुरमई कॉस्ट्स मोअर दॅन बांगडा इज' असे वाक्य होते. बाईंनी शेवटचा 'इज' खोडून 'डज' केला. सुरमई बांगड्यापेक्षा महाग 'आहे' असेच आपण म्हणतो, मग 'इज' का चुकला?

बाईंचे बरोबर आहे. 'महाग आहे' हे तुमच्या मनातले वाक्य झाले. ते इंग्रजीत 'सुरमई इज कॉस्टलियर दॅन बांगडा इज' असे होईल आणि तिथे 'इज' शोभेल. वहीत मात्र क्रियापद 'कॉस्ट्स' आहे, म्हणजे 'किंमत पडते'. 'पडते'च्या जागी बदली म्हणून 'आहे' कसा उभा करणार?

घोटाळ्याचे मूळ मराठीत आहे. आपला 'पेक्षा' (जुन्या मराठीतला 'परीस'ही) नामाला चिकटला की काम संपते, मागून क्रियापद लागत नाही. त्यामुळे 'दॅन'नंतर काय ठेवायचे याची सवयच नसते आणि रिकाम्या जागी हाताशी असलेला 'इज' बसवला जातो.

बदली क्रियापद ओळखायला पहिल्या भागाचा प्रश्न करून पाहावा. 'डज सुरमई कॉस्ट मोअर?' असा प्रश्न होतो, म्हणून 'डज'. 'इज द क्रीक कामर?' होतो, म्हणून 'द क्रीक इज कामर दॅन द सी इज'. 'कॅन अ ट्रॉलर गो फर्दर?' होतो, म्हणून '...दॅन अ होडी कॅन'. प्रश्नात जो शब्द पुढे येतो, तोच 'दॅन'च्या पलीकडे जातो. 'हॅव'कडे जरा लक्ष हवे. 'शी हॅज कॉट मोअर फिश दॅन आय हॅव' यात ते सहायक आहे, तिथे 'डू' चालणार नाही. पण 'असणे' या अर्थी आले, तर 'ही हॅज मोअर बोट्स दॅन आय डू' हेच आज रूढ आहे. 'दॅन आय हॅव' हेही चूक नव्हे.

क्रियापदाची जात अशी पहिल्या भागाकडून मिळते. वचन आणि काळ मात्र बदलीचे स्वतःचे. 'ट्रॉलर्स कॅच मोअर बांगडा दॅन अ रापण डज': ट्रॉलर अनेक, रापण (किनाऱ्यावरून ओढायचे जाळे) एक, म्हणून 'डज'. 'इट रेन्स लेस नाउ दॅन इट डिड इन जून': पाऊस आताचा, तुलना गेल्या जूनशी, म्हणून 'डिड'. अधूनमधून काळ जातीलाही ओढून नेतो. 'इट हॅज रेन्ड मोअर धिस जून दॅन इट डिड लास्ट जून' या वाक्यात 'हॅज' पुन्हा आणता येत नाही, कारण 'लास्ट जून'सारख्या सरलेल्या काळाशी ते जुळत नाही.

बदली क्रियापद दर वेळी लागतेच असे नाही. 'सुरमई कॉस्ट्स मोअर दॅन बांगडा' एवढेही पूर्ण शुद्ध आहे, आणि बोलताना तेच बरे. अर्थ फाटत असेल तिथे मात्र ते हवेच. 'आय लाइक सोलकढी मोअर दॅन माय ब्रदर' याचे दोन अर्थ निघतात: भावाला आवडते त्याहून मला सोलकढी जास्त आवडते, किंवा मला भाऊ आवडतो त्याहून सोलकढी जास्त! 'मला भावापेक्षा सोलकढी जास्त आवडते' हे मराठी वाक्यही तितकेच फसवे आहे, फक्त जेवणाच्या पानावर कोणी तक्रार करत नाही. इंग्रजीत शेवटी 'डज' जोडले की पहिलाच अर्थ उरतो. 'दॅन आय' की 'दॅन मी' हा वादही 'दॅन आय डू' म्हटले की मिटतो. इंग्रजीतला 'मी' कानाला आपल्या 'मी'सारखा लागतो खरा, पण तो 'मला'चा भाऊ आहे. त्याच्यामागे 'डू' लावू नये.

आणखी एक चूक वह्यांत दिसते. कोकण रेल्वेच्या गाड्या पावसाळ्यात सावकाश धावतात, त्यावर 'ट्रेन्स रन स्लोअर इन द मॉन्सून दॅन डू इन विंटर' असे लिहिले जाते. मराठीत कर्ता गाळण्याची मुभा असल्याने हे खटकत नाही. इंग्रजीत मात्र 'दॅन दे डू इन विंटर' हवे, नाहीतर सरळ 'दॅन इन विंटर'. 'दॅन डू' असा उलटा क्रम छापील इंग्रजीत दिसतो, पण तिथेही पुढे कर्ता असतो आणि तो नाम असतो: '...दॅन डू द ओल्ड वुडन बोट्स'. सर्वनामाला हा क्रम मानवत नाही.

'द प्राइस ऑफ हापूस इज हायर दॅन पायरी' हे दुखणे वेगळे आहे. तिथे किमतीची तुलना थेट आंब्याशी झाली आहे, त्यामुळे बदली क्रियापदाची नसून नामाची लागते: 'दॅन दॅट ऑफ पायरी'.