उखळातला मूर्ख: नीतिसूत्रे 27:22 समजून घेताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

फोंड्याला दहा मिनिटं बोलण्यासाठी तू लिहिलेला मसुदा वाचला. भाषा छान आहे. पण ‘काही माणसं कधीच सुधारत नाहीत’ हा जो अर्थ तू काढला आहेस, तो बायबलच्या नीतिसूत्रे ग्रंथातल्या या वचनात (अध्याय 27, वचन 22) नाही. मूर्खाला धान्याबरोबर उखळात घालून मुसळाने कुटलं तरी त्याचा मूर्खपणा त्याला सोडणार नाही, एवढंच तिथे म्हटलं आहे. कुटून सुटणार नाही, इतकंच. आणखी कशाने सुटेल का, त्यावर हे वचन गप्प आहे.

आधी कुटणं म्हणजे काय ते नीट सांग. समोरच्या बहुतेकांनी तांदूळ पिशवीतूनच आलेला पाहिला असणार. आपल्याकडे भात उकडून, वाळवून मग कांडत. मुसळाच्या घावाने दाणे एकमेकांवर घासतात आणि तूस सुटतं. भाताच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूसच असतं. सुपात पाखडून ते उडवायचं, तांदूळ पुन्हा सडायचा, की कोंडाही निघतो. भात ओलसर राहिलं तर दाणा चेपतो. फार वाळलं किंवा घाव जोराचे बसले तर कणी पडते. (बायबलच्या मुलखात हे गव्हा-जवाचं काम. तेवढं स्पष्ट कर, नाहीतर ज्याच्या नावावर ही वचनं आहेत त्या शलमोन राजाला कोणीतरी उकड्या तांदळाची पेज वाढेल.)

हे जमतं, कारण तूस दाण्याच्या बाहेर असतं. हट्टी माणसाचा मूर्खपणा असा बाहेरचा थर नसतो. तो त्याने स्वतःचा बाणा म्हणून पत्करलेला असतो. त्यावर घाव पडला की त्याला वाटतं आपल्यावरच पडला, आणि तो मत तपासायचं सोडून स्वतःचा बचाव करू लागतो. आपण जोर वाढवतो. मग माणूस मोडतो, मत जिथल्या तिथे राहतं.

इथे मूर्ख म्हणजे मंदबुद्धी नव्हे, हे दोनदा सांगितलंस तरी चालेल. याच ग्रंथात भोळा निराळा आहे: 14:15 प्रमाणे तो ऐकेल त्यावर विश्वास ठेवतो, पण शिकतोही. निंदक निराळा: त्याला बोल लावलास तर तो तुझा द्वेष करील, असं 9:8 बजावतं. या दोघांच्या मधे आपला मूर्ख, ज्याला 12:15 प्रमाणे स्वतःचा मार्ग बरोबरच दिसतो. कोण कुठल्या जातीचा हे परीक्षेच्या गुणांवरून कळत नाही. चूक दाखवल्यावर तो पुढच्या खेपेला काय करतो, ते पाहावं लागतं.

छडीचा प्रश्न नक्की येईल. 22:15 म्हणतं की बालकाच्या मनातला मूर्खपणा शिक्षेची छडी दूर करते, आणि 26:3 मध्ये मूर्खाच्या पाठीलाही काठी आहेच. मग 27:22 उलट का बोलतं? ते शिक्षेची मर्यादा सांगतं म्हणून. 17:10 शेजारी ठेव: शहाण्याला एक बोल जितका लागतो तितके मूर्खाला शंभर फटके लागत नाहीत. फटका वागणं थांबवू शकतो, समज देऊ शकत नाही. माझ्या मते मुलांना मारण्याचं समर्थन म्हणून ही वचनं फेकणारे लोक 27:22 पर्यंत वाचतच नाहीत.

आपल्या मराठीतही याचा एक भाऊबंद आहे. ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे’ ही ओळ शाळेच्या फळ्यावर सुविचार म्हणून लिहितात. पण भर्तृहरीच्या श्लोकाचा वामनपंडितांनी केलेला हा अनुवाद पुढे म्हणतो की वाळूतून तेल निघेल, मृगजळ पिऊन तहान भागेल, सशाचं शिंगही सापडेल, पण मूर्खाचं मन काही वळणार नाही. सुविचार अर्धाच लिहिला जातो! फरक एवढाच, की तिथे मूर्खाचं मन राखण्याची खटपट आहे आणि इथे त्याला बडवून शुद्ध करण्याची.

आता तुझ्या मसुद्यात अजिबात नसलेला भाग: करायचं काय. एकदा सांगायचं, एकांतात, एकाच कृत्याबद्दल. ‘तू नेहमीच असा’ म्हटलंस की मुसळ उचललंस. दुसऱ्यांदा सांगताना परिणामही सांगायचा आणि तिथे थांबायचं. तिसऱ्यांदा तेच बोलणं म्हणजे उखळाभोवती फिरणं. उत्तर द्यावं की नाही याला 26:4 आणि 26:5 जोडीने वाच. एक म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नकोस, दुसरं म्हणतं दे. तू त्याच्यासारखाच होणार असशील तर गप्प बस. गप्प राहिल्याने तो स्वतःला शहाणा समजणार असेल तर बोल.

पण थांबणं म्हणजे सोडून देणं नव्हे. त्याच्या हट्टाची किंमत तो एकटाच मोजणार असेल तर मोजू दे. 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असताना ट्रॉलर बाहेर काढायचा हट्ट एखादा मालक धरतो, तेव्हा जीव त्याचा नाही, खलाशांचा पणाला लागतो. तिथे समजूत घालत बसू नये, ट्रॉलर अडवावा. वागणं अडवता येतं, मत बदललं नाही तरी.

शेवटी 26:12 घे. स्वतःच्या दृष्टीने शहाणा असलेल्यापेक्षा मूर्खाविषयी अधिक आशा आहे, असं तिथे आहे. दासबोधात समर्थ मूर्खलक्षणं सांगून थांबत नाहीत, त्याच दुसऱ्या दशकात पढतमूर्खालाही निराळा समास देतात. श्रोत्यांमध्ये पढतमूर्ख मिळाले नाहीत तर व्यासपीठावर शोधावे लागतील, म्हणून हे वाक्य सौम्यपणे म्हण.

आणखी एक. बोलून झाल्यावर कोणीतरी जवळ येऊन आपल्या जावयाची किंवा भावाची गोष्ट सांगेल आणि ‘तो मूर्खच ना?’ म्हणून विचारेल. उत्तर देऊ नकोस. त्याला किती वेळा सांगितलं आणि कोणाच्या देखत, एवढं मात्र विचार.