मोलकरणीच्या भूमिका आणि शुगर हिलचं घर

प्रश्न : हॅटी मॅक्डॅनियल या ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या कृष्णवर्णीय कलाकार. पण त्यांनी बहुतेक गोऱ्यांच्या घरच्या मोलकरणीच रंगवल्या. मग एवढं कौतुक कशाचं? आणि त्यांच्या ऑस्करची मूर्ती हरवली हे खरं का?

उत्तर : तुमचा पहिला प्रश्न हॅटीबाईंना त्यांच्या हयातीतच ऐकावा लागला, आणि तोही आपल्याच माणसांकडून. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेचे वॉल्टर व्हाइट अशा भूमिकांवर उघड टीका करत. मीही पूर्वी हाच सूर लावायचो. आठवड्याला सात डॉलरवर मोलकरीण होण्यापेक्षा सातशे डॉलर घेऊन ती रंगवणं काय वाईट, हे हॅटीबाईंच्या नावावर खपणारं उत्तर मला फार चटपटीत वाटायचं. पण बाईंनी सात डॉलरची बाजूही भोगली होती. आईवडील दोघंही जन्मानं गुलाम. १९२९च्या मंदीत गाण्याची कामं आटली, तेव्हा त्या मिलवॉकीतल्या एका क्लबात स्वच्छतागृहाची राखण करत होत्या.

ज्या चित्रपटानं त्यांना ऑस्कर मिळवून दिलं, त्या ‘गॉन विथ द विंड’चा पहिला खेळ डिसेंबर १९३९मध्ये अटलांटात झाला. जॉर्जियात वर्णभेदाचे कायदे होते, त्यामुळे त्यांना तिथे जाता आलं नाही. २९ फेब्रुवारी १९४०ला लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलात पारितोषिक मिळालं खरं, पण त्या हॉटेलात काळ्यांना प्रवेशच नव्हता. निर्माते सेल्झनिक यांनी शब्द टाकला म्हणून आत घेतलं, आणि बसवलं कुठे? सहकलाकारांपासून दूर, भिंतीकडेच्या छोट्या टेबलाशी.

माझं मत फिरलं ते मात्र शुगर हिलच्या खटल्यानं. लॉस एंजेलिसच्या या उच्चभ्रू वस्तीत बाईंनी घर घेतलं. तिथल्या जमिनींच्या कागदपत्रांत काळ्यांना घर विकायचं नाही अशी अट होती. गोरे शेजारी कोर्टात गेले. बाई गप्प बसल्या नाहीत, इतर काळ्या घरमालकांना त्यांनी आपल्याच घरी गोळा केलं. लोरेन मिलर यांनी वकिली केली. डिसेंबर १९४५मध्ये न्यायाधीश थर्मंड क्लार्क यांनी सर्वांना कायद्याचं समान संरक्षण देणाऱ्या, राज्यघटनेच्या चौदाव्या दुरुस्तीचा आधार घेत शेजाऱ्यांचा दावा फेटाळला. अशा अटी कोर्टानं अमलात आणायच्या नाहीत, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं ते १९४८मध्ये, एका वेगळ्या खटल्यात. पडद्यावर दुसऱ्यांची घरं झाडणाऱ्या बाई स्वतःच्या घरासाठी अशा उभ्या राहिल्या, आणि आपण अजून पडद्यावरच्या मोलकरणीच्या डोक्यावरच्या रुमालावरच वाद घालतो!

आता मूर्तीचं. ती मूर्ती नव्हतीच. साहाय्यक भूमिकांना तेव्हा पूर्ण पुतळा देत नसत, पाटी देत. २६ ऑक्टोबर १९५२ला बाई कर्करोगानं गेल्या. हॉलिवूडच्या दफनभूमीत जागा मिळावी ही त्यांची इच्छा होती. तिथेही रंग आड आला, शेवटी रोझडेलमध्ये दफन झालं. पाटी त्यांच्या इच्छेनुसार हॉवर्ड विद्यापीठाकडे गेली आणि तिथूनच कधीतरी गायब झाली. २०२३मध्ये अकादमीनं विद्यापीठाला तशीच दुसरी करून दिली. मूळची अजून सापडलेली नाही.