सुट्टीतले दिवस कोणाच्या वाट्याला किती?

हिवाळ्याची सुट्टी जवळ येऊ लागली की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या दांपत्यांच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास येतो : नातेवाइकांकडे किती दिवस राहायचे आणि नव्या ठिकाणी किती दिवस फिरायचे? मी एखादा मधला आकडा सुचवीन, अशी बहुतेकांची अपेक्षा असते. पूर्वी मी तसा आकडा सुचवीतही असे. आता सुचवीत नाही. त्याचे कारण ज्या कुटुंबामुळे माझ्या ध्यानात आले, त्याची हकीकत त्यांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून येथे देत आहे.

पती, पत्नी आणि बारा वर्षांचा मुलगा असे हे कुटुंब. सुट्टी दहा दिवसांची. पहिले पाच दिवस पतीच्या आईवडिलांकडे आणि उरलेले पाच पूर्वी न पाहिलेल्या एखाद्या ठिकाणी. वाटणी समसमान होती, तरीही सलग तीन वर्षे नव्या ठिकाणचा पहिला दिवस भांडणात आणि दुसरा अबोल्यात गेला होता. पत्नीला सासरचे दिवस कमी करून हवे होते. पती म्हणे, "आईवडील थकत चालले आहेत, याहून कमी कसा राहू?" दोघांचेही म्हणणे खरे होते आणि म्हणूनच वाद मिटत नव्हता. पहिल्या दोन भेटी या हिशेबातच गेल्या.

तिसऱ्या भेटीत मी दिवसांचा विषय बाजूला ठेवला आणि पतीला विचारले, "आईवडिलांच्या दारात पोचल्यावर तुम्ही सर्वांत आधी काय करता?"

"बूट काढतो आणि थेट आईच्या खोलीत जातो."

"त्या वेळी या कुठे असतात?"

तो जरा थांबला. "सामान आत आणत असेल."

"त्यानंतर तुम्ही दोघे एकमेकांशी निवांत केव्हा बोलता?"

बराच वेळ उत्तर आले नाही. तो मनातल्या मनात एकेक दिवस आठवून पाहत होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. अखेर पत्नीच खालच्या आवाजात म्हणाली, "सहाव्या दिवशी. गाडीत."

त्या तीन शब्दांनी माझ्यापुढचे चित्र पालटले. पाच दिवस हा माणूस कुणाचा तरी मुलगा होऊन राहत होता आणि त्याची पत्नी त्या घरात एकटी पडत होती. साठलेले सगळे बोलणे गाडी सुरू होताच बाहेर पडत होते, तेही सरळ नव्हे, तर मागे बसलेल्या मुलामार्फत : "विचार तुझ्या बाबांना, मीही आले होते हे आठवतंय का त्यांना?" नवे ठिकाण त्यांच्या लेखी आधीच्या पाच दिवसांची भरपाई झाले होते, आणि भरपाई म्हणून पाहिलेली जागा कितीही सुंदर असली तरी अपुरीच वाटते.

मी ज्या विचारपरंपरेत शिकले, तिचे प्रवर्तक अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मरे बोवेन यांचे एक निरीक्षण येथे तंतोतंत लागू पडते. दोघांमधला ताण असह्य झाला की ती दोघे नकळत तिसऱ्याला मध्ये ओढतात. हा तिसरा पुष्कळदा मूल असतो. बोवेन यांनी १९६७ साली एका परिषदेत स्वतःच्याच कुटुंबाविषयी मांडणी केली होती. पूर्वतयारीने घरी जाऊन, प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलून ते कुटुंबातली आपली जुनी जागा बदलू पाहत होते. आईवडिलांच्या घरी जाणे हीच प्रौढ माणसाच्या स्वतंत्रपणाची खरी परीक्षा आहे, असे मला इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर ठामपणे वाटते.

म्हणून मी दिवसांच्या वाटणीला हात लावला नाही. हिवाळ्यात अंधार लवकर पडतो, थंडीमुळे सगळे घरातच असतात आणि संध्याकाळ संपता संपत नाही. त्यातली वीस मिनिटे दोघांनी रोज बाहेर चालायला जावे आणि घरी "आम्ही दोघे जरा चालून येतो" एवढेच सांगावे, कारणे देत बसू नये, असे मी सुचवले. पतीने एक वेळ आईसाठी आणि एक वडिलांसाठी वेगळी ठेवावी. आईवडिलांना एकत्र भेटणे आणि एकेकट्याला भेटणे यांत फार अंतर असते. मुलाला कोणताही निरोप पोचवायला लावू नये. आजी-आजोबांच्या गावीही त्याने रोज न पाहिलेली एक तरी जागा पाहावी, म्हणजे त्या पाच दिवसांकडे तो केवळ वाट पाहण्याचे दिवस म्हणून पाहणार नाही.

हे प्रत्येकाला लागू पडेल असे मात्र नाही. ज्या घरी अपमान ठरलेला असतो किंवा मूल सुरक्षित नसते, तिथे मुक्काम टाळणे हेच योग्य असते, आणि तसा सल्ला मी कित्येकांना दिला आहे. पण निव्वळ कंटाळा आणि एकटेपणा असेल, तर दिवस कमी केल्याने एकटेपणाचे दिवस तेवढे कमी होतात, एकटेपणा तसाच राहतो.

सुट्टीनंतर ती दोघे पुन्हा आली. पहिल्या संध्याकाळी आईने "एवढ्या थंडीत कुठे?" म्हणून दोनदा विचारले होते आणि पती जवळजवळ परत फिरला होता. तिसऱ्या संध्याकाळी वडीलच काठी घेऊन दाराशी येऊन उभे राहिले. ते या दोघांबरोबर सावकाश चालत निघाले आणि आपण तीस वर्षे कामावर ज्या वाटेने जात होतो, ती वाट त्यांनी दाखवली. "ती घरापासून पाच मिनिटांवर आहे," पती मला म्हणाला, "आणि मी त्या वाटेने कधीच गेलो नव्हतो." बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले आणि पत्नीने न बोलता पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला.

नव्या ठिकाणचे दिवस कसे गेले, हे मी विचारले तेव्हा पत्नी म्हणाली, "पाऊस पडला, दोन दिवस खोलीतच बसलो. पण गाडीत मी झोपले होते, मॅडम. पहिल्यांदाच."