गावात डाळ मिल टाकायची की नोकरी धरायची?

प्रश्न : मुलगा बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. गावातच तुरीची डाळ मिल टाकतो, 25 टक्के सबसिडी आहे, चार पोरांना कामही मिळेल, असं म्हणतो. आम्हाला वाटतं आधी नोकरी धरावी. – एक पालक, लातूर जिल्हा

उत्तर : नमस्कार. आधी सबसिडीचं बोलू. पीएमईजीपी म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम. त्याच्या 2022 च्या नियमांप्रमाणे ग्रामीण भागात 20 लाखांच्या प्रकल्पाला खुल्या प्रवर्गातल्या अर्जदाराने 2 लाख घालायचे, उरलेलं बँकेचं कर्ज. अनुदानाचे 5 लाख हातात पडत नाहीत. ते तीन वर्षं बँकेत ठेव म्हणून राहतात आणि मिल चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जखात्यात वळते होतात.

खरा पैसा यंत्रात नाही, तुरीत अडकतो. आवक जानेवारी ते मार्च, डाळीची विक्री मात्र वर्षभर. महिन्याला 100 क्विंटल तूर लागणार असेल आणि सहा महिन्यांची साठवायची म्हटली, तर 7,000 रुपये भावाने 42 लाख होतात. मध्येच भाव उतरला की तोटा तुमचा. नव्या मिल इथेच अडचणीत येऊ शकतात, म्हणून प्रकल्प अहवालात हा आकडा कमी दाखवलेला नाही ना, ते बघा.

म्हणून सुरुवात मजुरीवर डाळ करून देण्यापासून करावी. तूर शेतकऱ्याची, मिलला फक्त भरडाई. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी डाळ मिल अशाच कामासाठी आहे. रोजगाराचं म्हणाल तर अशा मिलला दोन-तीन माणसं पुरतात. गावाचा मोठा फायदा वेगळाच आहे. शेतकरी तुरीऐवजी डाळ विकतो आणि चुनी, म्हणजे भरडताना निघणारा चुरा, गावातल्याच जनावरांना मिळते.

भरडाईत बिघडतं ते प्रतवारी आणि ओलाव्यावर. लहान-मोठे दाणे एकत्र घातले तर लहानांची साल राहते, मोठ्यांचा चुरा होतो. तेल-पाणी लावल्यावर नीट वाळवलं नाही तरी साल सुटत नाही. वीजजोडणी औद्योगिक, थ्री-फेजच घ्या. शेतीपंपाच्या फिडरवर भरवसा नको. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका.

नोकरीचं तुमचं म्हणणं पटतं, पण ती लातूरच्याच एखाद्या डाळ मिलमध्ये, खरेदी आणि हिशेबाच्या टेबलावर असावी. जानेवारीत लागला तर निदान एक पूर्ण हंगाम आणि पुढची दिवाळीची विक्री बघू द्या. जिल्ह्याच्या आरसेटीत, म्हणजे बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत, उद्योजकतेचं निवासी प्रशिक्षण मोफत असतं, तेही याच काळात उरकेल. कर्जाचा अर्ज त्यानंतर.