पाचारण आणि पद

प्रश्न : मी एका ग्रामीण ख्रिस्ती मंडळीचा पाळक आहे. बहुतेक तरुण कुटुंबे कामधंद्यासाठी पुण्या-मुंबईकडे गेल्यामुळे रविवारच्या उपासनेला मोजकीच वयस्कर माणसे येतात. वेतन वेळेवर मिळत नाही, पंचांपैकी काही जण प्रत्येक गोष्टीला विरोध करतात, आणि पत्नीच्या माहेरची माणसे शहरात नोकरी धरा म्हणून मागे लागली आहेत. आता प्रार्थनेतही मन लागत नाही. देवाने मला पाचारण केले, हा माझा भ्रमच होता का? राजीनामा देणे अविश्वासूपणाचे ठरेल का?

उत्तर : पाचारण खरे होते का आणि या पदावर राहावे का, हे दोन प्रश्न आपल्या पत्रात एकमेकांत गुंतले आहेत. त्यांची उत्तरे वेगवेगळी असू शकतात.

मन खचले म्हणून पाचारण खोटे ठरत नाही. कर्मेल डोंगरावर बआल दैवताच्या संदेष्ट्यांसमोर निर्भयपणे उभा राहिलेला देवाचा संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीने रानात पळाला आणि रतामाच्या झुडपाखाली बसून त्याने मरण मागितले. देवाने त्या वेळी त्याला जाब विचारला नाही. दूताने त्याला भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. ‘तू येथे काय करतोस?’ हा प्रश्न नंतर, होरेब डोंगरावर आला. मीच एकटा उरलो आहे, या त्याच्या तक्रारीनंतर त्याला नवे काम मिळाले आणि अलीशासारखा सोबतीही मिळाला. आपल्या पत्रात विश्रांतीचा किंवा एखाद्या सोबत्याचा उल्लेख कोठेही नाही, याची मला सर्वांत अधिक काळजी वाटते.

माणसे थोडी उरली म्हणूनही पाचारण खोटे ठरत नाही. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत विधवा व मुलींसाठी शारदा सदन ही निवासी शाळा सुरू केली आणि पुढच्या वर्षी ती पुण्यास हलवली. मुली ख्रिस्ती धर्माकडे वळत आहेत या आरोपावरून 1893 मध्ये मोठे वादळ उठले, अनेक पालकांनी मुलींना काढून नेले, आणि न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांच्यासारखे सल्लागारही दूर झाले. ही माणसे स्त्रीशिक्षणाची शत्रू नव्हती, आणि संस्थेच्या धार्मिक तटस्थतेविषयीची त्यांची शंका उथळही नव्हती; म्हणूनच तो आघात अधिक जिव्हारी लागणारा होता. रमाबाईंनी मुलींवर प्रार्थनेची सक्ती केली नाही, पण स्वतःची प्रार्थना लपवलीही नाही. उरलेल्या मुलींना घेऊन त्या काम करीत राहिल्या. तीन वर्षांनी मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला, तेव्हा तेथील शेकडो निराधार मुली-स्त्रियांना त्यांनी आश्रय दिला आणि केडगावच्या मुक्ती मिशनचा विस्तार झाला. हे पुढे घडणार आहे, हे 1893 मध्ये त्यांना ठाऊक नव्हते. समोर असलेल्या थोड्या मुलींचे पालनपोषण आणि शिक्षण हेच त्या काळात त्यांचे पाचारण होते, आणि मला तो काळ नंतरच्या विस्ताराइतकाच मोलाचा वाटतो. आपल्या उपासनेला येणाऱ्या वृद्धांनाही पाळकाची गरज पूर्णच असते.

आता राजीनाम्याविषयी. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये अमेरिकन मिशनची वेतनी सेवा सोडली, ती ख्रिस्ताची सेवा अधिक मोकळेपणाने करता यावी म्हणून, आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसमाज उभा केला. पद सोडणाऱ्या प्रत्येकाला, जगाच्या मोहाने प्रेषित पौलाला सोडून गेलेला देमास ठरवण्याची आपल्या मंडळ्यांतील सवय अन्यायाची आहे. मात्र टिळकांपुढे पुढच्या सेवेचे चित्र होते. केवळ पंचांच्या विरोधापासून सुटका एवढेच कारण असेल, तर निर्णय थोडा लांबणीवर टाकावा.

वेतनाबद्दल संकोच बाळगू नये. सुवार्ता सांगणाऱ्यांची उपजीविका सुवार्तेवर व्हावी, असे पौलाने करिंथकरांस स्पष्ट लिहिले आहे, आणि त्याच करिंथात त्याने अक्विल्लाबरोबर तंबू शिवण्याचे कामही केले. थकबाकी लेखी मागणे किंवा वरिष्ठांच्या संमतीने अर्धवेळ काम करणे, यांपैकी कशानेही आपल्या सेवेस बाध येत नाही.

प्रथम पत्नीशी सविस्तर बोलावे. माहेरच्या आग्रहामागे तिची स्वतःची दमणूक आहे का, हे तिच्याकडूनच ऐकावे. नंतर आपल्या पंचांशी संबंध नसलेल्या एखाद्या ज्येष्ठ पाळकाला विश्वासात घ्यावे आणि वरिष्ठांकडे काही आठवड्यांची रजा मागावी. झोप उडाली असेल, भूक मंदावली असेल, तर डॉक्टरांनाही भेटावे. राजीनाम्याचा विचार रजेवरून परतल्यावर, त्या ज्येष्ठ पाळकाबरोबर बसून करावा.