ट्रायल विंडोजचे दिवस भरत आलेत, आता काय करू?

प्रश्न : नमस्कार सर. घरच्या कॉम्प्युटरची विंडोज बिघडली होती तेव्हा एका मित्राने पेनड्राइव्हवरून नवीन टाकून दिली, मस्त चालली. आत्ता लक्ष गेलं की स्क्रीनच्या खाली उजव्या कोपऱ्यात 'एंटरप्राइज इव्हॅल्युएशन' आणि लायसन्सचे फक्त १९ दिवस उरलेत असं लिहिलंय. मित्र म्हणतो प्रॉडक्ट की (विंडोज अधिकृत करणारा कोड) विकत घे आणि टाक, काम होईल. होईल का? फोटो, मुलीचे प्रोजेक्ट, हिशोबाच्या एक्सेल फायली सगळं यातच आहे, १९ दिवसांनी ते उडणार का?

उत्तर : आधी घाबरणं बंद करा, फायली उडत नाहीत. मित्राने टाकली ती मायक्रोसॉफ्टची ९० दिवसांची इव्हॅल्युएशन कॉपी आहे, म्हणजे कंपन्यांनी तपासून बघावी म्हणून फुकट दिलेली. मुदत संपली की डेस्कटॉप काळा होतो, विंडोज अस्सल नाही असा मेसेज कायम दिसत राहतो आणि कॉम्प्युटर दर तासाला आपोआप बंद पडतो. फायली जागेवरच असतात, पण तासातासाला बंद पडणाऱ्या मशीनमधून ५० जीबी फोटो काढत बसायचं म्हणजे काय ताप असतो ते अनुभवाशिवाय कळायचं नाही! मायक्रोसॉफ्टची ही सवय जुनीच. विंडोज ७ ची रिलीज कँडिडेट, म्हणजे अंतिम आवृत्तीआधीची चाचणीची कॉपी लोकांनी हौसेने घरी टाकली होती, ती १ मार्च २०१० पासून दर दोन तासांनी बंद पडायला लागली आणि १ जूनला संपलीच.

आता मित्राचा सल्ला. तो चुकीचा आहे आणि पैसे घालवणारा आहे. या इव्हॅल्युएशन कॉपीत नेहमीच्या विंडोजची, म्हणजे होम किंवा प्रो आवृत्तीची की चालत नाही, की घेतली तरी विंडोज नव्यानेच टाकावी लागते. कमांड देऊन मुदत वाढवता येते असंही कोणीतरी सांगेल, त्याच्याही मोजक्याच वेळा असतात, मग परत तिथेच.

पण थांबा, कदाचित तुम्हाला काही विकत घ्यायलाच लागणार नाही. कॉम्प्युटर विंडोज ८ किंवा त्यानंतरच्या विंडोजसकट विकत घेतला असेल तर त्याची की बहुतेक मदरबोर्डमध्येच असते. तेव्हा होम होती तर होमच टाका, नेट जोडलं की आपोआप अ‍ॅक्टिव्हेट होते. असेंबल केलेला असेल तर जुनं बिल, बॉक्स, मायक्रोसॉफ्टचं अकाउंट शोधा आणि कुठेच काही नाही सापडलं तर मगच पैसे काढा, आणि फारच स्वस्तात मिळणाऱ्या कीच्या नादी लागू नका, त्या कधी ब्लॉक होतील सांगता येत नाही.

खरं काम आहे बॅकअपचं. लोक 'डॉक्युमेंट्स' फोल्डर कॉपी करतात आणि डेस्कटॉप आणि डाउनलोड्स विसरतात, आणि नेमकं महत्त्वाचं सगळं डेस्कटॉपवरच पडलेलं असतं. ब्राउझरचे बुकमार्क आणि पासवर्ड, अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर असेल तर त्याचा डेटा (तो कुठल्या फोल्डरमध्ये असतो ते आत्ताच बघून ठेवा), सॉफ्टवेअरच्या की, वायफायचा ड्रायव्हर (वायफाय चालवणारं छोटं सॉफ्टवेअर), हे सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या, दोनचार फायली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, आणि मग ती डिस्क काढून ठेवा. लावलेली ठेवलीत तर घाईत तीच फॉरमॅट होते, हसू नका, होते. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी कीही कागदावर लिहून ठेवा.

मग ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या, मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा, ते पेनड्राइव्ह तयार करून देतं. त्यावरून कॉम्प्युटर सुरू केलात की एक गोची होते, तिथे सी, डी अशी नावं दिसतच नाहीत, डिस्कचे भाग नुसते पार्टिशन १, पार्टिशन २ असे दिसतात. म्हणून सी ड्राइव्ह किती जीबीचा आहे ते आधीच लिहून ठेवा आणि साइजवरून ओळखा. फॉरमॅट न करता त्याच पार्टिशनवर टाकलीत तर जुन्या फायली 'विंडोज डॉट ओल्ड' फोल्डरमध्ये जातात, पण तो फोल्डर साधारण १० दिवसांनी आपोआप पुसला जातो, त्याच्या भरवशावर राहू नका. १९ दिवस आहेत तर येत्या सुट्टीलाच उरकून टाका.

प्रश्न : माझंही असंच आहे, पण मशीन जुनं आहे, विंडोज ११ घेतच नाही. विंडोज १० परत टाकू का?

उत्तर : टाकता येईल, पण तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. काम मुख्यतः ब्राउझर, मेल आणि साध्या एक्सेलचं असेल तर मी लिनक्स मिंट सुचवीन, ती विंडोजऐवजी टाकायची वेगळी ऑपरेटिंग सिस्टिम आहे, फुकट आहे आणि मुदतीची भानगड नाही. पेनड्राइव्हवरून ते इन्स्टॉल न करताच चालवता येतं, थोडं हळू चालेल तेवढं समजून घ्या. प्रिंटर चालतोय का, आवाज येतोय का, वायफाय धरतंय का, तुमच्या एक्सेल फायली लिब्रेऑफिसमध्ये (एमएस ऑफिसला फुकटचा पर्याय) नीट उघडतात का हे बघा. मॅक्रोवाल्या, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या कमांड भरलेल्या फायली तिथे रुसतात, त्या आधी तपासा.