'द सोप्रानोज'च्या शेवटी टोनी मरतो का?

माझ्या मते हो, या अमेरिकी मालिकेतला माफिया म्होरक्या टोनी मरतो. 10 जून 2007 ला अमेरिकेत शेवटचा भाग लागला, पडदा अचानक काळा झाला आणि अनेकांना केबलच गेली असं वाटलं. आम्ही सोलापुरात तो बऱ्याच वर्षांनी पाहिला. मग सिद्धेश्वर तलावाच्या काठावर मैत्रिणीशी तासभर वाद. ती म्हणे, "गोष्ट अर्धीच सोडली की गं!"

मला नाही पटत. शेवटच्या प्रसंगात टोनी हॉटेलात घरच्यांची वाट बघत बसलेला असतो. तिथल्या दाराची घंटा ऐका. घंटा वाजते, टोनी मान वर करतो, मग त्याला दिसतं ते आपल्याला दिसतं. असं पुन्हा पुन्हा होतं. शेवटी त्याची मुलगी मेडो दाराकडे धावते, घंटा वाजते, टोनी वर बघतो, आणि त्याच्या नजरेतलं दृश्य यायला हवं तिथे काळोख. आवाजसुद्धा नाही. आधीच्या एका भागात तळ्यावर होडीत बसलेला टोनीचा मेहुणा बॉबी म्हणालेला असतो, मरणाची वेळ आली की बहुतेक ऐकूही येत नसेल. शेवटून दुसऱ्या भागात टोनीला नेमकं तेच आठवतं.

त्याच हॉटेलात एक जॅकेटवाला माणूस स्वच्छतागृहात जातो, अनेक जण त्यालाच मारेकरी मानतात; तो मात्र मला कच्चा पुरावा वाटतो.

मैत्रिणीचं एक म्हणणं मी मानलं: जिवंत राहिला तरी दर घंटेला तो अशीच मान वर करणार.